एका मूत्रपिंडावरचं आयुष्य



लहान मुलाचं एक मूत्रपिंड काढावं लागणार म्हटलं, की आई पहिल्यांदा विचारते, "डॉक्टर, एका किडनीवर निभेल ना हो त्याचं?"

निभतं. १८६९ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला शल्यविशारद गुस्ताव सिमोन यांनी एका बाईचं एक मूत्रपिंड ठरवून काढलं आणि ती बरी झाली. दुसऱ्या महायुद्धात जखमी होऊन एक मूत्रपिंड गमावलेल्या अमेरिकी सैनिकांची ४५ वर्षांनी पाहणी झाली. बरोबरीच्या सैनिकांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण जास्त नव्हतं.

पण ते सैनिक ऐन पंचविशीतले होते. विल्म्स ट्यूमरसारख्या मूत्रपिंडातल्या कर्करोगाच्या गाठीपायी दोन-तीन वर्षांच्या बाळाचं मूत्रपिंड जातं, तेव्हा उरलेल्याला सत्तर-ऐंशी वर्षं एकट्यानं ओढायची असतात. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्या आईच्या पोटातच, साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत तयार होतात. पुढे एकही नवी होत नाही. सोनोग्राफीत उरलेलं मूत्रपिंड मोठं झालेलं दिसतं आणि घरचे निर्धास्त होतात. खरं तर गाळण्या तेवढ्याच असतात, फक्त प्रत्येकीवरचं काम वाढलेलं असतं. हा जादा भारच त्यांना हळूहळू झिजवतो, असं मूत्रपिंडतज्ज्ञ बॅरी ब्रेनर यांनी १९८०च्या दशकात मांडलं.

ही झीज दुखत नाही. रक्तदाब वाढतो, लघवीतून प्रथिनं जाऊ लागतात, तरी मूल हसत-खेळत असतं. नेदरलँड्समध्ये एकाच मूत्रपिंडावर वाढणारी चारशेहून अधिक मुलं तपासली, तेव्हा तिघांपैकी एकाहून अधिक मुलांत अशी काहीतरी खूण सापडली किंवा त्यासाठी औषध चालू होतं. म्हणजे सगळे डायलिसिसवर जातात असं मुळीच नाही. खूण वेळेवर कळली, तर औषधानं झीज मंद करता येते.

म्हणून वर्षातून एकदा रक्तदाब आणि लघवीची तपासणी, डॉक्टर सांगतील तेव्हा रक्तातलं क्रिएटिनिन. ताटात वरून मीठ नको, वजन आटोक्यात हवं. अंगदुखीसाठी मेडिकलमधून आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक परस्पर आणून घेऊ नये. पोरांना खेळू द्या, धावू द्या.

मला काळजी वाटते ती घरातल्या गप्प बसण्याची. 'मुलीचं लग्न जमायचं आहे, कुणाला सांगू नका' म्हणून गोष्ट झाकली जाते आणि कधी कधी त्या मुलीलाच ती नीट ठाऊक नसते. पुढे दिवस राहतात, रक्तदाब चढतो, आणि समोरच्या डॉक्टरला काहीच माहीत नसतं. तेव्हा आई-बाबांनो, ऑपरेशनची फाईल जपून ठेवा आणि मूल कळतं झालं की त्याला शेजारी बसवून ती दाखवा. पोटावरच्या त्या व्रणाची हकीकत त्याला स्वतःच्या तोंडानं सांगता आली पाहिजे.