शिताके: औषध आणि वळ

शिताके ही जपानी अळंबी. तिच्यातल्या लेंटिनन या घटकापासून जपानमध्ये इंजेक्शन तयार झालं आणि १९८५ साली जठराच्या कर्करोगासाठी, केमोथेरपीच्या जोडीनं द्यायला त्याला मान्यता मिळाली. जोडीनं, बरं का, केमोथेरपीऐवजी नव्हे!

हीच अळंबी कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाल्ली, तर काहींच्या पाठीवर, पोटावर, हातापायांवर एकदोन दिवसांत चाबकाचे फटके बसल्यासारखे लालभडक वळ उठतात. खाज तर विचारू नका. नीट शिजवली की हा त्रास सहसा होत नाही.

रेशी या दुसऱ्या अळंबीच्या गोळ्या घेताना मात्र जास्त जपा. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. आधी डॉक्टरांना विचारा.