तिला काय म्हणावे?

(वाचनालयाच्या शतकमहोत्सवी व्याख्यानमालेत बडोदे येथे केलेल्या भाषणाचा संक्षिप्त मजकूर)



व्याख्यानमालेच्या कार्यवाहांनी विषय विचारला तेव्हा मी सरोगसीचे नाव घेतले. कार्यवाह क्षणभर स्तब्ध झाले. मराठीच्या प्राध्यापकाने संतसाहित्यावर बोलावे, फार तर नवकवितेवर बोलावे, ही अपेक्षा स्वाभाविकच होय. परंतु हा विषय मी निवडलेला नाही. तो माझ्याकडे माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने आणला, आणि तोही भाषेचा प्रश्न म्हणून. तिच्या व तिच्या घरच्यांच्या अनुमतीने, नावगाव वगळून, तो मी आपल्यापुढे ठेवीत आहे.

लग्नानंतर काही वर्षांतच आजारपणामुळे तिचे गर्भाशय काढावे लागले. पुढे पतिपत्नींच्या बीजांपासून सिद्ध झालेला गर्भ तिच्या धाकट्या जावेने आपल्या उदरात नऊ महिने वाढविला. मुलगी झाली. ती बोलू लागली तेव्हा विद्यार्थिनी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "सर, तुम्ही आम्हांला शब्दांची कुळे शिकवलीत. आता एक शब्द द्या. धाकटीला काय म्हणायला शिकवू? काकू म्हटलं तर ते खरं आहे, पण पुरेसं नाही."

माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे मराठी शिकविणाऱ्या माणसाला ही कबुली देणे सोपे नाही. आजचे भाषण म्हणजे त्या अनुत्तरित प्रश्नाची मी केलेली उजळणी आहे.

आपल्या भाषेला आईची अनेक रूपे ठाऊक आहेत. जन्मदात्री आहे, सावत्र आई आहे, दत्तक घेणारी आई आहे, मानलेली आई आहे. स्वतःचे दूध पाजून दुसऱ्याचे मूल जगविणारी दूधआई आहे. परंतु दुसऱ्यासाठी गर्भ वाढविणाऱ्या स्त्रीसाठी वर्तमानपत्रांनी शब्द रूढ केला तो 'भाडोत्री माता'. भाडोत्री हा शब्द आपण मारेकऱ्याला लावतो, सभेला आणलेल्या गर्दीला लावतो. ज्या कामात मन नाही ते भाडोत्री. मग या कामात मन नसते काय?

आयुर्वेदाने गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटले, म्हणजे दोन हृदयांची स्त्री. आपला 'डोहाळे' हा शब्द त्याच कुळातला मानतात. पोटातल्या जिवाची इच्छा आईच्या जिभेवर येते, अशी ती कल्पना. धाकट्या जावेला कैरी खावीशी वाटली, तेव्हा ते डोहाळे कोणाचे? डोहाळजेवण कोणाचे करावयाचे? त्या घरात हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. शेवटी दोघींना शेजारी शेजारी पाटावर बसविले. थोरली हिरव्या साडीत अवघडून बसली होती. ज्या ओटीत काही नाही ती भरली जाते आहे, असे तिला वाटत होते, आणि धाकटीला वाटत होते की जे आपले नाही त्यासाठी आपले कौतुक होते आहे. दोघीही हसत होत्या आणि दोघीही रात्री रडल्या, हे त्यांना पुढे एकमेकींकडून कळले.

हा विषय आपणां बडोदेकरांना परका नाही. येथून जेमतेम चाळीस किलोमीटरांवरचे आणंद आपण दुधासाठी ओळखत होतो. २००४ मध्ये तेथे एका आजीने परदेशी राहणाऱ्या आपल्या लेकीसाठी जुळ्यांना जन्म दिला आणि आणंदचे नाव निराळ्याच कारणाने जगभर गेले. पुढील दशकात अनेक देशांतली निपुत्रिक जोडपी तेथे येऊ लागली. आसपासच्या गावांतील स्त्रिया काही लाख रुपयांच्या मोबदल्यात त्यांची मुले वाढवू लागल्या. त्यांपैकी अनेकींना गरोदरपणाचा काळ स्वतःच्या मुलांपासून दूर, वसतिगृहात काढावा लागे. दुसऱ्याच्या मुलासाठी आपल्या मुलापासून दूर राहावयाचे, आणि तेही आपल्याच मुलाच्या शिक्षणासाठी वा डोक्यावरच्या छपरासाठी. या व्यवहाराची ही गाठ सहज सुटणारी नव्हे.

समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांनी गुजरातेतील अशा स्त्रियांशी दीर्घ काळ बोलून लिहिलेला 'वूम्ब्ज इन लेबर' हा ग्रंथ २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पुष्कळ स्त्रियांनी हे काम शेजाऱ्यापाजाऱ्यांपासून लपविले होते, कारण लोक त्याची गणना देहविक्रयात करीत. तरीही बीज दुसऱ्याचे असले तरी रक्त आमचे आहे, घाम आमचा आहे, या भावनेने त्या त्या मुलाशी नाते सांगत होत्या. करारात नात्याला जागा नव्हती. म्हणून ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत उभे केले.

करार किती अपुरा असतो हे २००८ साली दिसले. एका जपानी जोडप्यासाठी आणंदला मुलगी जन्मली, पण तिच्या जन्माआधीच ते जोडपे विभक्त झाले होते. होणाऱ्या आईने मुलीचा स्वीकार केला नाही. स्त्रीबीज देणारी अज्ञात होती. गर्भ वाढविणारीचे काम कराराप्रमाणे संपले होते. तीन स्त्रियांच्या सहभागातून जन्मलेल्या त्या मुलीला कागदोपत्री एकही आई नव्हती. जपानहून तिची आजी आली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि काही महिन्यांनी मुलगी जपानला पोहोचली. त्याच वर्षी जर्मन पित्यासाठी जन्मलेल्या जुळ्यांच्या बाबतीत गुजरात उच्च न्यायालयाने २००९ मध्ये, जिने जन्म दिला तीच आई, असा निर्णय दिला. जर्मनीला अशी अपत्यप्राप्ती मान्य नसल्याने त्या मुलांना घरी जाण्यासाठी २०१० साल उजाडावे लागले.

२०१५ मध्ये परदेशी जोडप्यांना मनाई झाली. २०२१ चा सरोगसी नियमन कायदा २५ जानेवारी २०२२ पासून अमलात आला. त्याने मोबदल्याचा व्यवहार बंद केला. विवाहित वा एके काळी विवाहित असलेली, स्वतःचे मूल असलेली, पंचवीस ते पस्तीस वयाची स्त्रीच, आणि तीही आयुष्यात एकदाच, हे कार्य करू शकते. वैद्यकीय खर्च, नियमांत ठरवून दिलेले अन्य खर्च आणि छत्तीस महिन्यांचा विमा यांखेरीज तिने काही घ्यावयाचे नाही. शोषण थांबावे हा हेतू निःसंशय चांगला आहे. तरीही दोन गोष्टी मला अस्वस्थ करतात.

पहिली गोष्ट माघारीची. आपल्याकडे या स्त्रीला संमती मागे घेता येते ती गर्भ उदरात सोडण्यापूर्वीपर्यंत. म्हणजे अनुभव सुरू होण्यापूर्वी तिने अनुभवाविषयी निर्णय द्यावयाचा. जी माता आपले मूल दत्तकासाठी सोपविते, तिला फेरविचारासाठी आपल्याच कायद्याने साठ दिवस दिले आहेत. ब्रिटनमध्ये जन्म देणारी स्त्रीच प्रथम कायदेशीर आई असते, आणि मूल सहा आठवड्यांचे होईपर्यंत तिने दिलेली संमती ग्राह्य धरली जात नाही. मूल तिच्याकडेच राहावे असे माझे म्हणणे नाही. परंतु प्रसूतीनंतर पान्हा फुटतो, तो करार वाचून थांबत नाही. त्या दिवसांत तिच्या मनाची विचारपूस करणारे कोणी असावे, एवढी अपेक्षा अवाजवी नव्हे.

दुसरी गोष्ट उपकाराची. पैसा वर्ज्य झाला की उरते नाते, आणि नात्यात नकार देणे पैशाच्या व्यवहाराहून कठीण असते. व्यवहार एका तारखेला संपतो, उपकार संपत नाही. घरातील धाकटी सून, सासूची इच्छा, दिराजावेचे दुःख डोळ्यांपुढे. अशा वेळी 'नाही' हा शब्द तिच्या ओठांवर कसा यावा? माझी विद्यार्थिनी म्हणाली, "सर, तिला नाही म्हणता आलं असतं का, हे विचारायचं धैर्य मला आजवर झालेलं नाही."

या प्रसंगातील इतर माणसांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. धाकटीचा नवरा नऊ महिने पत्नीची सेवा करीत होता, पण येणाऱ्या मुलाचा तो काका होता. पेढे वाटावयाचे की घ्यावयाचे, हे त्याला कळेना. धाकटीच्या सहा वर्षांच्या मुलाने आईचे पोट वाढताना पाहिले होते. बाळ आले आणि वरच्या मजल्यावर गेले. त्याने विचारले, "आमचं बाळ मोठ्या काकूकडे का ठेवलं? मलापण ठेवणार का?" मोठ्यांच्या शहाण्या व्यवस्थेतील सर्वांत खरे भय त्या मुलाने बोलून दाखविले. आणि थोरली? बाळ रडले आणि धाकटीच्या आवाजाने शांत झाले, की तिच्या काळजात कळ उठे. ज्या जावेचे ऋण फिटणार नाही तिचाच मत्सर वाटावा, याची तिला लाज वाटे.

श्रोतेहो, आपली परंपरा दोन आयांना घाबरत नाही. देवकीच्या उदरातील सातवा गर्भ रोहिणीच्या उदरात नेला, अशी भागवतातील कथा आहे. त्या बलरामाला परंपरेने रोहिणीच्या नावाने 'रौहिणेय' म्हटले. कृष्ण देवकीनंदनही आहे आणि यशोदानंदनही. कृत्तिकांनी वाढविलेला कार्तिकेय 'षाण्मातुर', आणि ज्याच्या पूजनावाचून आपले कोणतेही कार्य सुरू होत नाही त्या गणपतीला अमरकोशाने 'द्वैमातुर', दोन आयांचा, असे नाव दिले आहे.

पुराणे दूरची वाटत असतील तर या नगरीकडेच पाहा. कवळाण्याच्या शेतकरी कुटुंबातील गोपाळराव १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसले आणि सयाजीराव झाले. ते दत्तक आहेत हे कोणी लपविले नाही. दत्तकाला विधी आहे, साक्षी आहेत, नाव आहे. मूल कोठून आले आणि कोणाचे झाले, या दोन्ही गोष्टी चारचौघांत सांगितल्या जातात. सरोगसीला आपण कायदा दिला, पण असा उघडा दिवस दिलेला नाही. कित्येक घरांत तर होणारी आई पोटाला उशी बांधून वावरते, आणि जिने मूल वाढविले तिचे नाव घरात निघू नये अशी दक्षता घेतली जाते.

हे मौन मुलालाही हितकारक नसते. केंब्रिजच्या सुझन गोलोम्बोक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील अशा कुटुंबांचा, मुले तान्ही असल्यापासून ती वीस वर्षांची होईपर्यंत अभ्यास केला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा की ही मुले मानसिकदृष्ट्या इतरांहून मागे नव्हती. आणि दात्याच्या बीजाने वा दुसरीच्या उदरातून जन्मल्याचे ज्यांना शाळकरी वयापूर्वी सांगितले गेले, त्यांच्या घरांत आईशी असलेले नाते अधिक निकोप आढळले. तेथील परिस्थिती आपल्याहून भिन्न आहे, हे खरे. पण लहानपणी सहज सांगितलेली गोष्ट मुलाला कथा वाटते आणि मोठेपणी अवचित उघड झालेली तीच गोष्ट फसवणूक वाटते, हे समजण्यास केंब्रिजला जावयास नको.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. पुष्कळ विचार करून मी विद्यार्थिनीला एक शब्द कळविला. 'दूधआई'च्या चालीवर 'कूसआई'. मला त्या शब्दाचा थोडा अभिमानही वाटला. आठ दिवसांनी ती आली. तिने तो शब्द धाकटीला सांगितला होता, आणि त्या निमित्ताने आजवर न विचारलेला प्रश्नही विचारला होता. धाकटी आधी हसली. मग म्हणाली, "ताई, तेव्हा नाही म्हणता आलं नसतं, हे खरं. आज विचाराल तर हो म्हणेन. शब्द तुमच्या सरांना राहू दे. मला काकूच म्हणू दे तिला. पण का ते तिला कळू दे."

माझा शब्द नापास झाला, आणि तो योग्य कारणाने झाला. मला वाटत होते की तिला नाव हवे आहे. तिला हवी होती ती ओळख. नाव मी घरबसल्या घडवू शकतो. ओळख मात्र त्या घरातील माणसांनी एकमेकांना आणि उद्या त्या मुलीला, तोंडाने सांगूनच निर्माण व्हावयाची आहे. 'काकू' या जुन्याच शब्दात त्या दिवशी नवा अर्थ भरला गेला.

या वाचनालयाने शंभर वर्षे परमुलखात मराठी शब्द जपले. ते यापुढेही जपावेत. त्याबरोबरच, ज्या गोष्टी घराघरांत कुजबुजीत राहतात त्यांना येथे मोकळेपणाने बोलावयास जागा मिळावी, एवढी माझी प्रार्थना आहे.