विसाव्या माणसाची वाट

भोपाळच्या वायुकांडानंतर, १९८७ मध्ये, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण आले. प्राण गेल्यावर कायदा जागा व्हावा, ही आपली जुनी रीत! २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेली व्यावसायिक सुरक्षा संहिता ती मोडील काय? तिने नियुक्तिपत्र सक्तीचे केले, हे निःसंशय स्वागतार्ह. अपघातानंतर ‘हा आमचा माणूसच नव्हे’ असे म्हणून हात झटकणे त्यामुळे अवघड होईल. मालकाच्या हयगयीने मृत्यू झाल्यास दंडाची किमान निम्मी रक्कम वारसांना देवविण्याचा अधिकारही न्यायालयास आहे.

परंतु विजेवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या दहा कामगारांवरून वीसवर गेली. पंधरा जणांच्या प्रेसशॉपमध्ये बोटे तुटतात, ती विसाव्या माणसाची वाट पाहत नाहीत. तेथे मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये उरतात, पण कारखान्याचे खास नियम सुटतात.

संकट समोर दिसताच मालकास व त्याच वेळी निरीक्षकास कळविण्याचा हक्क कामगारास आहे. ज्याची उद्याची हजेरी मुकादमाच्या हाती, तो कंत्राटी मजूर हा हक्क बजावणार कसा? त्याचा अर्ज लिहून द्यायला वस्तीतील शिकलेल्यांपैकी किती जण बसतील?