ढळता ध्रुव



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांनीच या शाळेत प्रथम माझ्या हाती होकायंत्र दिले. पुढे मी ग्वाल्हेरातच पदार्थविज्ञान शिकविले आणि दरवर्षी ‘सुई उत्तर दाखविते’ एवढेच सांगून पाठ संपविला. आपल्या शहरी खरी उत्तर व सुईची उत्तर यांत जेमतेम अंशभराचे अंतर. त्यामुळे माझी चूक कधी कुणी पकडली नाही. आज ती मीच कबूल करतो.

चुंबकीय उत्तर ध्रुव १८३१ साली जेम्स क्लार्क रॉस यांनी कॅनडाच्या उत्तरेस बूथिया द्वीपकल्पावर गाठला. १९०४ मध्ये आमुंडसेन यांनी शोध घेतला, तेव्हा तो सुमारे ५० किलोमीटर सरकला होता. १९९० नंतर त्याची चाल इतकी वाढली, की वर्षाला ५० किलोमीटरांहून अधिक अंतर तो सैबेरियाच्या दिशेने कापू लागला. २०१९ मध्ये दिशादर्शनाचे जागतिक चुंबकीय प्रारूप मुदतीआधीच सुधारावे लागले. अलीकडे हा वेग पुन्हा मंदावला आहे. आपल्या पायांखाली सुमारे २,९०० किलोमीटरांवर वितळलेल्या लोखंडाचा महासागर आहे. त्यातील प्रवाह पालटतात, तसा ध्रुव ढळतो.

हे ढळणे समजते ते जागोजागीच्या अखंड नोंदींवरून. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून अशा नोंदी होत. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनीही काही काळ तेथील काम पाहिले होते. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरल्या असत्या आणि साठ वर्षांची नोंदमाला निकामी झाली असती. संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागेस लोखंडाचा वापर टाळून नवी वेधशाळा उभारविली. १९०४ मध्ये ती सुरू झाली. परंतु कुलाबा त्यांनी लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी चालली, म्हणजे जागा बदलल्याने पडलेला फरक कोणता आणि पृथ्वीने केलेला कोणता, हे निवडता यावे. ट्राम धावली ती १९०७ साली! मला स्वतःला ध्रुवाच्या दौडीपेक्षा या दोन वर्षांच्या दुहेरी खटाटोपाचे अधिक अप्रूप वाटते. अलिबागेची नोंद आजही चालू आहे.

मघाशी मी ही सुई येथे ठेवली, तर ती त्या लोखंडी कपाटाकडे वळली. कार्यक्रमानंतर ती आपण मैदानात नेऊ. सायकली मात्र दूरच राहू द्या.