विवाह व कुटुंब समुपदेशकाचे शिक्षण
(भाषणाचा मजकूर)



मेडशीसारख्या गावात पती-पत्नींमध्ये बेबनाव झाला की प्रथम मामांना निरोप जातो आणि मग दोन्हीकडची चार ज्येष्ठ मंडळी एकत्र बसतात. कित्येक संसार अशा बैठकींनी सावरले आहेत. त्या ज्येष्ठांचा उपहास करण्याचे काहीच कारण नाही. परंतु त्या बैठकीत सून किती बोलते, हे पाहिले म्हणजे या व्यवस्थेची मर्यादा ध्यानी येते. समोर सासरे, दीर आणि स्वतःचे वडील. सांगायचे ते बहुधा राहूनच जाते, आणि जे सांगितले जाते ते संध्याकाळपर्यंत मालेगाव-वाशीमच्या सोयऱ्यांपर्यंत पोहोचते. तडजोड होते ती न ऐकलेल्या तक्रारीवर. काही महिन्यांनी तेच प्रकरण पुन्हा उभे राहते, तेव्हा ते पोलीस ठाण्यात किंवा न्यायालयात गेलेले असते.

तेथेही आज केवळ कायदा बोलत नाही. १९८४ च्या कौटुंबिक न्यायालय कायद्याने निवाड्यापूर्वी समेटाचा प्रयत्न करणे हे न्यायालयाचे कर्तव्य ठरविले व समुपदेशकांची तरतूद केली. महाराष्ट्रात १९८९ मध्ये पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये सुरू झाली. येथील विवाह समुपदेशकाच्या पदासाठी समाजकार्याची पदव्युत्तर पदवी आणि कौटुंबिक समुपदेशनाचा किमान २ वर्षांचा अनुभव अपेक्षित असतो. १९८४ मध्येच टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांच्या सहकार्याने महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला आणि पोलिसांच्या वास्तूत प्रशिक्षित समाजकार्यकर्ते बसू लागले.

हे शिक्षण महाराष्ट्राला नवे नाही. १९३६ मध्ये मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावाने समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय स्थापन झाले. तीच आजची टाटा संस्था. पुढे मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, नागपुरात मातृसेवा संघाची समाजकार्य संस्था अशी केंद्रे उभी राहिली. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत तर रुग्णासह त्याच्या कुटुंबावर उपचार करणारे स्वतंत्र केंद्र आहे. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९६३ मध्ये विवाह समुपदेशकांना परवाना सक्तीचा केला. तेथे पदव्युत्तर पदवीनंतरही देखरेखीखालील कामाचे ३००० तास भरल्याशिवाय स्वतंत्रपणे बसता येत नाही.

एवढे तास कशासाठी, असा प्रश्न कोणीही विचारील. भांडण मिटवायला चार समजुतीच्या गोष्टी पुरेशा नाहीत का? याचे उत्तर त्या अभ्यासक्रमाच्या एका खोलीत मिळते. विद्यार्थी एखाद्या कुटुंबाशी बोलत असतो आणि एकतर्फी काचेमागे त्याचे शिक्षक बसलेले असतात. विद्यार्थ्याला वाटते, आपण निःपक्षपाती आहोत. शिक्षकांना दिसते की तो प्रत्येक प्रश्न पतीला विचारतो, पत्नीचे वाक्य स्वतःच पुरे करतो आणि सासूबाईंचा आवाज चढला की विषय बदलतो. फिलाडेल्फियात साल्वादोर मिनुचिन यांनी ही पद्धत नावारूपाला आणली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी व जे हेली यांनी महाविद्यालयाची पायरीही न चढलेल्या वस्तीतील माणसांना याच रीतीने तयार केले. म्हणजे देखरेख मिळाली तर बैठकीतले समंजस काकाही हे शिकू शकतात. केवळ वयाच्या अधिकाराने मात्र ते येत नाही.

दुसरा पाठ कागदावरचा. मरे बोवेन या मनोविकारतज्ज्ञांच्या परंपरेत विद्यार्थ्याला प्रथम स्वतःच्याच घराच्या तीन पिढ्यांची आकृती काढावी लागते. वंशावळीची हौस जैन समाजाला नवी नाही. मात्र या आकृतीत कोण कोणाशी बोलत नाही, हेही रेषेने दाखवायचे असते! ज्याने स्वतःच्या घरातला अबोला पाहिलेला नाही, त्याला दुसऱ्याच्या घरातला कसा दिसावा?

तिसरा पाठ सर्वांत कठीण, तो म्हणजे समेटाची घाई न करणे. घरात मारहाण होत असेल, तर पती-पत्नींना एकत्र बसवून बोलते करणे धोक्याचे असते. तिला आधी एकटीला भेटावे लागते. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालील २००६ च्या नियमांतही समुपदेशकाने पुन्हा हिंसा न करण्याची हमी घ्यावी, असे म्हटले आहे. संसार टिकला एवढ्यावर आनंद मानणाऱ्या बैठकीला हा विचार सहसा सुचत नाही.

समाजातील मुले-मुली सनदी लेखापाल होतात, अभियंता होतात, त्यांना न्यासांच्या शिष्यवृत्त्या मिळतात. या शिक्षणासाठी मात्र कोणी अर्ज करीत नाही आणि कोणी विचारतही नाही. येथे २ वर्षांचे शुल्क, मुंबई वा नागपुरातील वसतिगृह आणि पदवीनंतर अल्प वेतनावरील उमेदवारीचा काळ, एवढ्याची तरतूद लागते. शिवाय देणाऱ्याने एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. आप्तस्वकीयांचे प्रकरण हाती घेऊ नये, असा या व्यवसायाचा दंडक आहे. मेडशीची मुलगी शिकून आली, तरी ती अकोल्यात बसून परक्यांचे संसार ऐकेल. मेडशीच्या सुनेला कारंजा किंवा रिसोडकडील एखाद्या अनोळखी समुपदेशिकेपुढे बसावे लागेल, आणि तेथे ती काय बोलली, हे मेडशीत कोणालाच कळणार नाही.