दोष हाताचा की आराखड्याचा?



पहूरच्या व्यासपीठावर सर्किट बोर्डाचे काय काम, असे कोणी विचारील. परंतु वीज आली की विहिरीवरची मोटार आपोआप सुरू करणारी जी ऑटोची पेटी आपण स्टार्टरला जोडतो, तिच्या पोटात हाच बोर्ड असतो. तो बंद पडला की केळीचे पाणी चुकते. म्हणून हा विषय जितका कारखान्याचा, तितकाच शेताचा आहे.

बोर्ड म्हणजे काचतंतू आणि राळ यांचा सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा तक्ता. त्यावर तांब्याचा पातळ पत्रा बसवलेला असतो. त्याची जाडी साधारणतः ३५ मायक्रॉन. नको ते तांबे रसायनाने काढून टाकले, की उरलेल्या रेषा तारांचे काम करतात. व्हिएन्नात जन्मलेल्या पॉल आयस्लर या अभियंत्याने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये असा रेडिओ तयार केला. आपल्याकडे मुंबईत अंधेरीला १९७३ साली इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठी सीप्झ उभे राहिले आणि हजारो स्त्रियांचे हात या कामाला लागले.

त्या हातांची बाजू मला आज मांडायची आहे. बोर्ड बिघडला की कामगाराला ‘निष्काळजीपणा’चा मेमो मिळतो. पण दोष जन्मतो कोठे, ते पाहू.

एक इवलासा भाग दोन टोकांनी बोर्डावर बसतो. त्याचे एक टोक तांब्याच्या मोठ्या पट्ट्याला सरळ जोडले, तर तो पट्टा उष्णता ओढून घेतो. तेथले सोल्डर उशिरा वितळते. दुसरीकडचे आधी वितळून भागाला आपल्याकडे खेचते आणि भाग उभा राहतो. आराखड्यात तो जोड अरुंद मानेने दिला असता, तर हे बहुधा टळले असते.

दुसरे उदाहरण. अनेक बोर्ड एकाच तक्त्यावर तयार करून मग मोडून सुटे करतात. मोडण्याच्या रेषेलगत चिनी मातीचा कपॅसिटर ठेवला, तर त्याला डोळ्यांना न दिसणारी चीर पडते. तपासणीत बोर्ड पास होतो आणि काही महिन्यांनी शेतावर दगा देतो. कपॅसिटर रेषेपासून दूर आणि तिला समांतर ठेवावा, एवढाच त्यावर उपाय.

तिसरे. छिद्र पाडताना ड्रिल केसभर सरकणारच. भोवती तांब्याचे कडे पुरेसे रुंद ठेवले नाही, तर छिद्र कड्याबाहेर जाते. यात यंत्रावरच्या माणसाने काय करावे?

मग दोष कोणाचा, हे ठरवायचे कसे? कसोटी सोपी आहे. प्रत्येक बिघाड बोर्डावर कोणत्या जागी झाला, ते लिहून ठेवा. पाळी बदलली, माणसे बदलली, तरी बिघाड त्याच जागी येत असेल, तर तेथे आधी आराखडा तपासा. १९५० साली जपानमध्ये व्याख्याने देणारे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंग हेच सांगत, की बहुतेक दोष व्यवस्थेचे असतात, माणसाचे थोडे.

याचा अर्थ कामगार कधी चुकत नाही, असा नव्हे. पण त्यानेही आठव्या तासाला चुकू नये, अशी सोय आराखड्यात करता येते: उलटसुलट बसू शकणारे भाग सगळे एकाच दिशेने मांडा, त्यांच्या खुणा ठळक छापा.

म्हणून युनियनने पगाराबरोबर ही मागणीही लावून धरावी: आराखडा पक्का होण्यापूर्वी तो प्रत्यक्ष बोर्ड जोडणाऱ्यांना दाखवा आणि आराखडा करणाऱ्याला एक पाळी त्यांच्याशेजारी बसवा. त्यात कारखान्याचा माल वाचेल, कामगाराची अब्रू वाचेल, आणि शेतकऱ्याचे पाणीही.