भक्षक पेशींचें मरण

१८८२ सालीं सिसिली बेटावरील मेसिना येथें एली मेच्निकॉफ या रशियन शास्त्रज्ञानें तारामाशाच्या पारदर्शक पिलांच्या अंगांत गुलाबाचे कांटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशीं पाहतो तों कांट्यांभोंवतीं फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! परक्या पदार्थास गिळणाऱ्या अशाच भक्षक पेशी मनुष्याच्या फुफ्फुसांतहि पहारा करीत असतात. धूळ असो वा जंतु, समोर येईल तें गिळावें हा त्यांचा धर्म. आणि कित्येकदां या धर्मपालनांतच त्यांचें मरण असतें.

जस्ताच्या ऑक्साइडचेंच उदाहरण घ्यावें. मलमांत घालतात ती ही पांढरी, गरीब दिसणारी भुकटी. हिचे कण मिलिमीटरच्या दहा-हजारांश भागाहूनहि लहान झाले, म्हणजे नॅनोकण बनले, कीं तिचा स्वभाव पालटतो. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे तुकडे कल्पिले तर पृष्ठभागांची बेरीज ६,००० चौरस मीटर, म्हणजे सुमारें दीड एकर होते! द्रव्य तेवढेंच, पण रासायनिक व्यापार चालतो तो पृष्ठभागावर.

असा कण पेशीनें गिळला कीं तो लायसोसोम नांवाच्या इवल्या पिशवींत जाऊन पडतो. तेथील रस आंबट. जंतूंस पचविण्यासाठीं निसर्गानें तो योजिला. परंतु जस्ताचें ऑक्साइड आम्लांत झपाट्यानें विरघळतें, आणि येथेंच घात होतो. जस्ताच्या आयनांचा लोंढा सुटतो, पेशीस ऊर्जा पुरविणारीं मायटोकाँड्रिया बिघडतात, पिशवीचें आवरण फाटतें आणि पाचक रसानें पेशी स्वतःच पोळून निघते. शत्रूस घरांत घेऊन आंतून कडी लावावी, तसा हा प्रकार!

सिलिकाचे कण तर असे विरघळतहि नाहींत. त्यांचा पृष्ठभागच पिशवीस फाडतो. २००८ सालीं एडिंबरो येथील संशोधकांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उंदरांच्या उदरांत सोडलेल्या लांब कार्बन-नलिका भक्षक पेशींस पुरत्या गिळतां आल्या नाहींत, व अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंप्रमाणें तेथें दाह उत्पन्न झाला. आंखूड नलिकांनीं तसें केलें नाहीं.

जस्ती पत्रा सांधणाऱ्या वेल्डरास हें शास्त्र ठाऊक नसलें, तरी त्याचा प्रत्यय त्यास येतो. धूर छातींत गेला कीं कांहीं तासांनीं हुडहुडी भरून ताप चढतो आणि दिवसा-दोन दिवसांत उतरतो. त्या धुरांत जस्ताच्या ऑक्साइडचेच सूक्ष्म कण असतात.

उन्हापासून रक्षणासाठीं लावावयाच्या मलमाची गोष्ट निराळी. अखंड कातडीचा वरचा मृत थर हे कण सहसा आंत जाऊं देत नाहीं. तीच वस्तु फवाऱ्याच्या डब्यांत भरून तोंडावर उडविली, तर मात्र ती श्वासावाटे थेट त्या भक्षक पेशींच्या पुढ्यांत जाऊन पडते.